सोन्यालाही काहीतरी चिकटतं

सकाळचे पावणेबारा वाजले होते. मी मेथी निवडत बसले होते आणि फोन वाजला. कुंदाच्या प्रयोगशाळेतली प्राजक्ता बोलत होती. "आजी, मॅडमना बरं वाटत नाहीये, आम्ही त्यांना घेऊन निघालोय," एवढं सांगून तिने फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी तिचाच पुन्हा आला, पण या खेपेला तिला काही बोलताच येईना... मला कळलं. माझी नणंद कुंदा, वय वर्षं अडुसष्ट, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी रोज साडेनऊला कॉलेजात हजर होणारी, काम करता करता गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता सहा आठवडे झाले.

मिहिर, सई, तुम्ही टोरांटोहून फोन केलात तेव्हा सईने विचारलं होतं, "आजी, आत्याआजी एक्झॅक्टली करायची काय?" त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आज नीट बसून देते. पुरवणीच्या संपादकांनी जागा दिली आहे, तेव्हा इतर वाचकांनीही ऐकायला हरकत नाही; पण मी बोलतेय ते तुमच्याशी. आणि एक आधीच सांगते, ही रडत सांगायची गोष्ट नव्हे. कुंदा आठवली की मी या वयातही खुर्चीत ताठ बसते.

मी गिरगावातली, इंग्रजी शाळेतली. पंचावन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, तेव्हा कुंदा तेरा वर्षांची होती. सासरे गिरणीत मागांचे फिटर, घर मालवणी, दोन खोल्यांत सात माणसं. पहिल्याच आठवड्यात मी घरातल्या सगळ्या चादरी आकाराप्रमाणे घडी करून रचून ठेवल्या. कुंदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "वहिनी, आता माणसांनापण उंचीप्रमाणे लावणार काय? मग मी सगळ्यात वर हां, मी हलकी आहे." तिथून आमची जी जुंपली ती कायमची. मी आवरायची, ती पसरायची. तिची पुस्तकं तांदळाच्या डब्यावर, पेन्सिल केसांत, एक चप्पल दाराच्या आत आणि एक बाहेर. पण गणित आणि पदार्थविज्ञान म्हटलं की तिच्या डोक्यात काय टापटीप होती! सासरे म्हणायचे, मागाचा आवाज ऐकून कुठला दात झिजलाय ते मला कळतं, तसं या पोरीला आकड्यांचं कळतं.

तिने एमएस्सी केलं, परळच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. संशोधन करायचं होतं, पण ते मागे मागे पडत राहिलं. गिरणी बंद झाली, मग सासऱ्यांचं आजारपण, मग सासूबाईंचं. लग्न तिने केलं नाही, "मला वेळ कुठाय?" म्हणायची. आम्ही करी रोडच्या नव्या इमारतीत राहायला आलो तेव्हा तीही आमच्याबरोबर आली, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी तिने पीएचडीला नाव घातलं. तिचे गाइड तिच्याहून आठच वर्षांनी मोठे. तुमचे आजोबा म्हणाले, "आता गो कित्याक? रिटायर होऊन शेंगदाणे खा." ती म्हणाली, "दादा, शेंगदाणे तर मी आत्तापण खाते."

तिचा विषय होता सोन्याच्या तारा. पण आपल्या मंगळसूत्रात असते तसली तार नव्हे. तुमच्या केसाचे उभे हजार भाग केले तर त्यातला एक जेवढा होईल, तेवढी बारीक. नॅनोवायर. काचेच्या चौकटीवर अशी एक तार बसवायची, दोन टोकांना वीज जोडायची आणि बघायचं की वीज किती सहज वाहते. तिचं म्हणणं असं की तिने शोधलेल्या पद्धतीने बनवलेली तार महिनोन्‌महिने तशीच राहते, तिच्यातून वीज वाहण्यात फरक पडत नाही. पुढे कधी या तारा यंत्रांत वापरायच्या तर हे सिद्ध व्हायला हवं होतं. मी विचारलं होतं, "सोनंच का? परवडतं का तुम्हाला?" ती हसली. "बारा तारांचं सोनं एकत्र केलं तरी तुला डोळ्याला दिसणार नाही. आणि सोनं का, तर सोनं गंजत नाही, काळं पडत नाही. बायकांना हे हजारो वर्षं माहितीये."

त्या बारा तारा बनवायला तिला दुसऱ्या एका संस्थेतल्या मशीनवर वर्षभर थांबून नंबर मिळाला होता. प्रत्येक तार एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, कुंकवाच्या डबीएवढ्या. फेब्रुवारीत तिने सगळ्यांचं पहिलं माप घेतलं. पुन्हा जूनमध्ये घ्यायचं, तोच आकडा आला की झालं, थिसिस लिहून द्यायचा. तो सप्टेंबरअखेर द्यायचाच होता. मुदत आधी एकदा वाढवून झाली होती, गाइड दिवाळीत निवृत्त होणार होते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईला नवा गाइड कोण मिळणार? सगळं त्या बारा डब्यांवर होतं.

मे महिन्यात कॉलेजला रंग लागणार म्हणून तिने त्या डब्या घरी आणल्या आणि माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. "वहिनी, यांना हात लावू नकोस. लाल ठिपक्याच्या चार तर अजिबात नको, त्या सगळ्यात चांगल्या आहेत." आणि ती महिनाभर शिबिराला शिकवायला बाहेरगावी गेली.

मी डब्या उघडल्या नाहीत, हे शपथेवर सांगते. पण चार दिवसांनी कप्पा पुसायला गेले तर एका डबीचं झाकण उचललं गेलेलं. झाकणं सैल होती. आत धूळ गेली तर? आपल्या घरांत रबरबँड कधी कमी नसतात. फुलवाल्याचे, मिठाईच्या खोक्यांचे, सगळे स्वयंपाकघराच्या कडीला लटकत असतात. मी प्रत्येक डबीला एक रबर लावलं. लाल ठिपक्याच्या चार महत्त्वाच्या, म्हणून त्यांना दोन दोन. दोन डब्यांची झाकणं मुळातच घट्ट होती, त्यांना लावलं नाही. ओळीत रचून ठेवल्या, फार छान दिसत होत्या. जूनमध्ये ती यायच्या आदल्या दिवशी रबरं काढून परत कडीला लावली, कारण वस्तू जिथली तिथे गेली पाहिजे. तिने डब्या उचलल्या आणि कॉलेजात नेल्या. मी काही बोलले नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

आणि मग तिचे आकडे बिघडले. वीज पूर्वीसारखी वाहीना. काही तारांत अडथळा थोडा वाढलेला, काहींत बराच. सूक्ष्मदर्शकाखाली तारा अगदी जशाच्या तशा, कुठे चीर नाही, डाग नाही. तिने मशीन तपासलं, जोडण्या बदलल्या, पुन्हा पुन्हा मोजलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. गाइड सरांनी एकच धरलं होतं, "मॅडम, सोन्याला काय होणार? तुमच्या हाताळण्यात चूक झालीय." सगळ्यात जास्त तिला जे खात होतं ते हे, की लाल ठिपक्याच्या चार, म्हणजे तिने सगळ्यात जपून बनवलेल्या, त्याच सगळ्यात जास्त बिघडल्या होत्या. जेवताना ती भाताचं एकेक शीत बाजूला करत बसायची. पन्नाशीनंतर माणसाचा हात थरथरतो का, असं तिने एकदा मला विचारलं. माझी कुंदा, जिने कधी कुणाकडून काही ऐकून घेतलं नाही, ती हे विचारत होती...

भाद्रपदात गणपतीच्या आदल्या दिवशी मी चांदीची भांडी काढली. आमचा गणपती दीड दिवसाचा. वर्षभर मलमलीत गुंडाळलेले पाच चमचे मी त्या खेपेला रबर लावून ठेवले होते, सुटू नयेत म्हणून. सोडले तर पाचही चमच्यांच्या दांड्यांवर काळा पट्टा! जिथे रबर होतं बरोबर तिथे, पट्टीने आखल्यासारखा. बाकी चमचा लख्ख. मी तो पट्टा चिंच लावून घासत होते आणि हात मध्येच थांबला. रबर... डब्या. एक रबर, दोन रबरं. लाल ठिपके.

मी विज्ञान शिकलेले नाही, पण हिशोब कळायला विज्ञान लागत नाही. आणि आता तुम्हा मुलांना जे सांगायचं ते सांगतेच, मी गप्प बसले. घरात गणपती आहे, सण जाऊ दे, असं स्वतःला सांगत दीड दिवस मी मोदकांच्या पाऱ्या करत राहिले. खरं कारण सण नव्हतं. आयुष्यभर मी तिला पसाऱ्यावरून बोलले होते, आणि तिचं आयुष्यातलं एकमेव मोठं काम माझ्या आवरण्याने मातीत घातलं होतं. ते तोंडाने उच्चारायची मला भीती वाटत होती.

विसर्जन करून आम्ही दादर चौपाटीवरून परतलो, पाटावर आणलेली वाळू मखरात ठेवली. कुंदा तिच्या खोलीतून एक कागद घेऊन आली. "वहिनी, जरा इंग्रजी बघ ना. सोमवारी द्यायचंय." तिच्या प्रत्येक इंग्रजी पत्रावर माझी लाल पेन्सिल फिरायची, तो आमचा रिवाज होता. मी चष्मा लावला. पीएचडीतून नाव काढून घेण्याचा अर्ज होता. कारण लिहिलं होतं, नमुने हाताळण्यात माझ्याकडून झालेल्या चुका. मी पेन्सिल ठेवली.

"हे खोटं आहे कुंदा," मी म्हटलं.

"इंग्रजीत चुकलंय?"

"चूक तुझी नाही. माझी आहे. मी तुझ्या डब्यांना रबरबँड लावले होते. मे महिनाभर." आणि मी आतून चमचे आणून तिच्यापुढे ठेवले. एकावरचा पट्टा मी अजून घासला नव्हता.

तिने चमचा उचलला, उजेडात धरला. "वहिनी, ही चांदी आहे. चांदी काळी पडते. सोनं कुठे काळं..." आणि ती थांबली. तोंड उघडंच. तुम्ही तिला त्या क्षणी बघायला हवं होतं! मी शिव्या खायच्या तयारीत उभी, आणि तिचे डोळे असे मोठे होत चाललेले. "काळं पडायची गरजच काय?" ती हळूच म्हणाली. मग जोरात, "वहिनी! डोळ्याला दिसायला थरावर थर चढावे लागतात. तारेला एक थर बस आहे! एक!" तिने माझे दोन्ही खांदे धरले. "किती?"

"काय किती?"

"रबर गं! कुठल्या डबीला किती?"

आता मी कोण आहे ते तुम्हाला माहीत आहेच. मी जाऊन घरच्या हिशोबाची मे महिन्याची वही आणली. तिथे लिहिलेलं होतं, कुंदाच्या डब्या बारा; लाल ठिपक्याच्या चारांना दोन दोन, साध्या सहांना एकेक, घट्ट झाकणाच्या दोघींना नाही; एकूण रबरं चौदा, परत कडीला. प्रत्येक डबीचा नंबरही होता. तिने आपली वही आणली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. ज्यांना रबर नव्हतं त्या दोन तारांचा आकडा फेब्रुवारीत होता तोच. एक रबरवाल्या सहांचा थोडा वाढलेला. दोन रबरवाल्या चारांचा सगळ्यात जास्त. कुंदा जमिनीवर बसली, मग उठली, मग रिकाम्या मखराभोवती चक्क फुगडीची गिरकी घेतली. तुमचे आजोबा प्रसादाची वाटी घेऊन दारात. "काय गो, खुळावलंस की काय?"

"दादा, हिने लिहून ठेवलंय! हिने मोजून ठेवलंय! मला कोणी पैसे दिले असते तरी मी असा प्रयोग केला नसता!"

मग तिने आम्हा दोघांना समजावून सांगितलं, तसंच तुम्हाला सांगते. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात. मुंबईच्या मे महिन्यात त्या रबरातून गंधकाचे रेणू सुटतात, सैल झाकणाच्या फटीतून आत जातात आणि सोन्याला घट्ट चिकटतात. गंधक सोन्याला चिकटतं हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. आपल्या वहिनीच्या कपाटात गंधक आहे, हे ठाऊक नव्हतं. "पण चिकटलं तर चिकटलं," आजोबा म्हणाले, "वीज तर आतून जाता मा?" तर ती म्हणाली, "दादा, डिलाईल रोडच्या कडेला एक भाजीवाली बसली तर गाड्यांना काय फरक पडतो? काही नाही. पण आपल्या जुन्या चाळीच्या बोळात बसली तर? येणारा प्रत्येक माणूस तिच्या टोपलीला अडखळणार. जाड तार म्हणजे रस्ता. माझी तार म्हणजे बोळ, तिला जवळजवळ कडाच आहेत. वीज वाहून नेणारे कण सतत कडेला लागूनच धावतात. कड गुळगुळीत असली की घसरून पुढे जातात. कडेला रेणू येऊन बसले की आपटतात, भलतीकडे फेकले जातात. तार तीच, सोनं तेच, आणि वीज मात्र अडते." आजोबांनी थोडा विचार केला. "म्हंजे भाजीवाल्या मोजूक येतत?" कुंदाने त्यांच्याकडे बोट रोखलं. "येतात, दादा. आकडा किती वाढला त्यावरून येतात. हाच तर माझा थिसिस!"

अर्जाचा कागद तिने फाडला नाही. उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्या प्रयोगाचा आराखडा काढला. सोमवारी ती सरांकडे गेली. ते आधी रागावले म्हणे, कपाट ही काय प्रयोगशाळा आहे का? मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून त्यांनी एकेक आकडा तपासला. संध्याकाळी ते स्वतः आमच्या घरी आले, हातात परळला घेतलेलं रबरबँडचं नवं पाकीट. "वहिनी, तुमचं कपाट जरा तीन आठवडे द्याल का?" मला त्यांनी त्याआधी कधी वहिनी म्हटलं नव्हतं. चांगल्या राहिलेल्या दोन डब्यांपैकी एकीला रबर लावलं, एकीला नाही, दोघींची झाकणं सारखीच सैल ठेवली, आणि त्याच कप्प्यात दोन टोकांना ठेवल्या. या वेळी लावायचं काम मलाच दिलं, आधीसारखंच व्हावं म्हणून. कुंदा दाराशी उभी राहून म्हणाली, "ओळीत लाव हां. नाहीतर विज्ञानाला राग येईल."

तीन आठवड्यांनी रबरवालीचा आकडा वाढला, दुसरीचा जागचा हलला नाही. मग तिने बिघडलेल्या एका तारेला जपून ऊब दिली, तर काही रेणू सुटले आणि आकडा थोडा मागे आला. सगळा नाही, पण आला! सरांनी जाता जाता शेवटची मुदतवाढ मिळवून दिली. थिसिसचं नाव बदललं. तारा बदलत नाहीत हे सिद्ध करायला निघालेल्या बाईने त्या का बदलतात आणि किती बदलतात हे दाखवलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, तुमचे मूळ नमुने कुठे ठेवले होते? ती म्हणाली, "वहिनीच्या कपाटात, सर. वहिनी मागच्या रांगेत बसलीय. वही घेऊन आलीय." मी खरंच घेऊन गेले होते. कुंदा डॉक्टर झाली तेव्हा त्रेपन्नाव्या वर्षात होती.

त्यानंतर कॉलेजने तिला जिन्याखालची एक खोली दिली. तिथे तिने मुली गोळा केल्या. हवेतला कुठला वायू तारेला चिकटला तर आकडा किती हलतो, याच्या याद्या केल्या. त्यांना आता गटारातला विषारी वायू ओळखणारं एक छोटं यंत्र करायचं आहे, आत उतरणाऱ्या माणसाला आधीच कळावं म्हणून. त्या वायूतही गंधकच असतं. यंत्र अजून झालेलं नाही, बऱ्याच अडचणी आहेत, सई, तू विचारशील म्हणून सांगते. पण गेल्या गुरुवारी प्राजक्ताचा फोन आला, "आजी, नवी तार लावतोय. याल?"

मी त्या खोलीत पहिल्यांदाच गेले. खोली बेताची, तिथे पसारा बघून मला हात आवरावे लागले. तीन मुली, टेबलावर एक मीटर, आणि मीटरसमोर रिकामं स्टूल. प्राजक्ताने समजावलं, इथे एक नियम आहे. जिने तार बनवली तिने आकडा वाचायचा नाही. तिला जो हवा असतो तोच दिसतो. वाचणारी वेगळी, लिहिणारी वेगळी. इतकी वर्षं सगळ्यांच्या तारा मॅडम वाचायच्या, त्या स्टुलावर बसून, मराठीत, मोठ्याने. सहा आठवड्यांत एकही नवी तार लावली गेली नव्हती, कारण तिथे बसायला कुणी तयार नव्हतं.

मी बसले. चष्मा पुसला. "एकशे बेचाळीस पूर्णांक सहा," मी वाचलं. प्राजक्ताने लिहिलं. दुसऱ्या मुलीने गंधक असलेल्या द्रवाच्या एका बाटलीचं बूच जरासं सैल केलं. काही क्षण काहीच नाही... मग शेवटचा अंक हलला. मग त्याच्या अलीकडचा. "एकशे त्रेचाळीस," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. "त्रेचाळीस पूर्णांक पाच... मुलींनो, हा चढतोय!"

"आजी, ऐकू येत नाहीये," प्राजक्ता वहीतून मान वर न करता म्हणाली. "मॅडम ओरडायच्या."

मग मीही ओरडले.